पाखरांचं गवत

त्या वर्षी कॅन्ससमध्ये पाऊस पडलाच नाही. तारेच्या कुंपणाअलीकडे व्हर्लिनने बापाच्या वेळेपासून जपलेल्या गाई उपाशी, आणि पलीकडे त्याच्याच रानात कमरेइतकं गवत. पाखरांच्या घरट्यांसाठी ते तसंच राखण्याचे सरकार त्याला दरवर्षी पैसे देई. "गाईंना सरकारी चेकच खायला घाल की!" शेजारचा ड्वेन हसला. दुष्काळापुरतं ते गवत चारायची परवानगी मागायला व्हर्लिनने पुन्हा सरकारी कचेरीत फोन लावला. "काका, मंजुरी वरून यायचीय. तोवर गाई आत सोडल्यात, तर आजवरचे पैसे परत भरावे लागतील," तिथली मुलगी कळवळून म्हणाली. तो थांबला. गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा त्याने त्या बाजारात विकल्या. पुढच्याच सोमवारी फोन वाजला. "काका, आली मंजुरी! सोडा गाई!" तिच्या आनंदावर त्याला विरजण घालवेना. "सोडतो, पोरी," तो म्हणाला. जाऊन त्याने फाटक सताड उघडलं. गवतातली पाखरं तेवढी उडाली.