नीराबाईचा उजवा डोळा

“आयेचं ऑपरेशन करायचं न्हाय,” दत्तू म्हणाला आणि खाटेच्या कडेला बसून म्हातारीला घास भरवू लागला.

डॉक्टर मृणालच्या डोक्यात तिडीक गेली. उरणजवळच्या या गावात तिचं नेत्रशिबिर होतं. नीराबाईंना कुणी आणलं नाही, म्हणून तीच घरी आली होती. नव्वदी ओलांडलेली बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरेफटक झालेले. तोंडासमोर हात हलवला तर नुसती सावली कळायची. ऐकूही जेमतेमच यायचं. बाकी तब्येत ठणठणीत.

मुलगा मात्र म्हातारीच्या मानाने बराच तरुण दिसत होता. शेंडेफळ असावं.

“का नाही करायचं?”

“ह्या वयात कशाला त्रास? खाते, पिते. मी हाय ना.”

हे उत्तर मृणालने या पट्ट्यात घराघरांत ऐकलं होतं. बंदरावरच्या मालाचे ट्रेलर दारात उभे करणारी पैसेवाली माणसंही आईच्या डोळ्यांविषयी हेच बोलत. जणू म्हातारं माणूस अंधारात बसलं काय, उजेडात बसलं काय, सारखंच!

“तुमच्या डोळ्यात कुसळ गेलं तर लगेच मुंबई गाठाल,” ती कडाडली. “आई आंधळी राहिली तर चालते. लाज नाही वाटत?”

दत्तूने मान खाली घातली. पुढचा घास कालवू लागला. त्यामुळे ती जास्तच चिडली.

“कोन हाय रं दत्तू?” म्हातारीने विचारलं.

“डॉक्टरीण हाय, आये,” तो तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला.

म्हातारीने चाचपत मृणालचा हात धरला. “बाये, माझा डोला नीट कर गो. दत्तूचा तोंड बघायचाय एकदा.”

दत्तू ताट तसंच ठेवून बाहेर निघून गेला.

अंगणात शेजारची मैना भेटली. साठी उलटलेली बाई. “मॅडम, त्या पोराला बोलू नका. सोन्यासारखा हाय.”

“सोन्यासारखा? मग आईला दृष्टी का देत नाही?”

मैनाने पदर तोंडाला लावला आणि ती आपल्या घरात शिरली. सगळं गावच त्याला सामील आहे, मृणालला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. “आईबापांची हेळसांड करणाऱ्यांसाठी कायदा आहे. मी तक्रार करणार.”

दत्तूने म्हातारीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग म्हणाला, “न्या.”

इस्पितळात म्हातारीला त्याने दोन्ही हातांवर उचलून आणलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत पाण्याचा घोटही न घेता तो दाराशी बसून होता. मृणालने ते पाहिलं. पण तिचं मन द्रवलं नाही. आता कसली माया उतू जातेय, असंच तिला वाटलं.

सकाळी पट्टी काढायची वेळ झाली तशी दत्तू चुळबुळू लागला. “मैना बसंल तिच्याजवल. मी बाहेर थांबतो.”

आता मात्र मृणालचा संयम सुटला. “तिला तुमचंच तोंड बघायचंय! तेवढंही सुख तिला द्यायचं नाही?” तिने त्याला दंडाला धरून आत आणलं आणि म्हातारीच्या पुढ्यात उभं केलं.

पट्टी निघाली. नीराबाईंनी डोळ्याची उघडझाप केली. खिडकीतला उजेड पाहिला, स्वतःचे सुरकुतलेले हात उलटसुलट करून पाहिले. मग बाजूला वळून त्या खुदकन हसल्या. “गो मैना, किती म्हातारी झालीस!”

मैना रडू लागली. मृणालचा ऊर भरून आला. आता दत्तूला विचारायचं, बघ, हे नाकारत होतास तू!

नीराबाईंनी समोर पाहिलं. पाहतच राहिल्या. हळूहळू चेहऱ्यावरचं हसू विरलं.

“बाये,” त्या मृणालला म्हणाल्या, “ह्यो कोन? माझा दत्तू कुठं हाय?”

तो खाली बसला. सवयीने तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि म्हणून ते सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

“आये, मी विनेश. दत्तूच्या ट्रेलरवरचा क्लीनर. घाटात तो गेला, ती खबर द्यायलाच आलेलो तुला… तू मला दत्तू म्हणून हाक मारलीस.”