लग्नाचा सीन

मालिकेतलं मंगळसूत्र तालमीतच तुटलं आणि काळे मणी सेटभर सांडले. कपडेपटाचे दादा हवालदिल झाले, सगळं युनिट खोळंबलं. नायिका झालेल्या शाल्मलीच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पर्समध्ये आहे एक."

बोलली आणि तिनं जीभ चावली. ते तिचं खरं मंगळसूत्र होतं, साउंडवाल्या परागनं रजिस्टर लग्नात घातलेलं. सेटवर कुणालाच पत्ता नव्हता. मालिका संपेपर्यंत नायिकेनं लग्न करायचं नाही, असं चॅनेलनं करारातच लिहून घेतलं होतं.

पराग कोपऱ्यात हेडफोन लावून बसला होता. तिच्या पदराखालच्या माइकमधून तिचा श्वासही त्याला ऐकू जायचा. रोज शॉटआधी ती काहीतरी गोड पुटपुटायची आणि तो खाली बघून हसायचा. आज ती पुटपुटली, "काहीतरी कर ना रे." तो हसला नाही.

हिरोनं तेच मंगळसूत्र तिच्या गळ्यात बांधलं. अक्षता पडल्या. तिला खरंच रडू फुटलं.

"कट! साउंड?" दिग्दर्शकानं विचारलं.

परागनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. तिचा जीव टांगणीला लागला. तो नाही म्हणाला, तर रीटेक होणार, आणि तेच हात पुन्हा तिच्या गळ्याशी येणार.

"ओके, सर," तो कसाबसा म्हणाला.

सुटल्यासारखं वाटून तिनं मंगळसूत्र काढायला मानेमागे हात नेले.

"काय रडलीस गं!" दिग्दर्शक खूश होता. "चला, आता हेच सगळं क्लोजअपमध्ये. परत बांध रे."