चवथीची रजा

त्या माणसाला बोलताना समोरच्याकडे बघायची रीत कोणी शिकवली नव्हती. मोबाइलच्या पडद्यात बसून तो कधी चहाचा घोट घ्यायचा, कधी दुसऱ्याच फोनवर बोट फिरवायचा. ताटकळत ठेवून आला तो आला, वर "हं, बोला" म्हणाला. जशी काय समीक्षा त्याच्या दारात उसनी साखर मागायला उभी होती.

सुभद्रा पडद्यात दिसणार नाही अशी भिंतीला टेकून बसली होती. नातीने बजावलं होतं, "आज्ये, एक शब्द बोला नको हां. ह्यो इंटरव्ह्यू गेलो तर माका परत कोण बोलवचो नाय."

वालावलच्या त्या घरात दोघीच. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. पुण्याकडच्या कारखान्यात शिकाऊ मेकॅनिकल इंजिनियरची एक जागा होती, आणि ती पडद्यातल्या मितेश सरांच्या हातात होती.

"नाईट शिफ्ट?"

"चालेल सर."

"तुम्ही कोकणातली मुलं ना, गणपती आले की गायब. गेल्या वर्षी माझी अर्धी लाइन रिकामी. तुम्हाला लागणार रजा?"

 बाप गेल्यापासून मूर्तिशाळेतून गणपती समीक्षाच डोक्यावरून आणत होती. वाडीत ज्यांनी नाकं मुरडली, त्यांची नाकं सुभद्राने जागेवर आणली होती. ही नसली तर ह्या घरात गणपती आणणार कोण?

"नाही सर. एकही दिवस नको."

सुभद्राने पदराचं टोक दातांत धरलं.

"बरं. कॉलेजबाहेर स्वतःच्या हाताने काही बनवलंय?"

समीक्षाची नजर वर गेली. आढ्याला माटवी होती, गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. नारळ, तवशी, कवंडळं अशी फळं बांधली की ती दोघींना पेलायची नाही. म्हणून पोरीने कप्प्या लावल्या, दोरी ओवली, आणि धाडकन घसरू नये, ठरल्या उंचीला थांबावी म्हणून लोखंडी अडसर स्वतः घडवून बसवला.

सुभद्रा हात वर करकरून खुणावत होती. सांग गो, सांग!

समीक्षाने मान खाली घातली. माटवी सांगितली की मागून गणपती आलेच.

"कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, सर."

"तो सगळ्यांचाच असतो."

तेवढ्यात त्याचा दुसरा फोन वाजला. इकडे येणारा आपला आवाज बंद करायला तो विसरला.

"गे आये, कामात आसंय. होय गो, तिकीट मिळालां. रजा कधीच टाकलंय. नाय, नाय, माटवीक कोणाक हात लावूक दी नको. मी येतंय नि बांधतंय."

फोन ठेवून तो परत पुणेरी झाला. "सॉरी. हं, तर कुठे होतो आपण?"

सुभद्रा उठली.

"आज्ये, नको!" समीक्षा ओरडली.

सुभद्राने मोबाइल उचलला, आढ्याकडे धरला आणि खुंटीवरची दोरी सोडली. चौकट धाडकन आली नाही. सावकाश उतरली आणि छातीच्या उंचीला येऊन आपसूक थांबली. मग तिने मोबाइल स्वतःच्या तोंडासमोर आणला. तो माणूस पहिल्यांदाच समोर बघत होता.

"बघितलंस? ह्यां हिणां केल्यान. तुझ्या भियान सांगूक नाय. आता हिका घे, नायतर घेव नको. पण आपली चवथ साधून दुसऱ्याची मोडतंस? माझ्याकडसून तू नापास रे झिला."