सेरीची ओळ

गीशारनं बोट ठेवलं ती ओळ चामड्याच्या पानाच्या मध्यावर होती.

"ही खरवडून काढा."

"नाही," बंधू लँबेर म्हणाला.

मठाधिपतींनी घसा खाकरला. दाराशी दोन भिक्षू ऐकत उभे होते. रविवारी गीशारच्या वडिलांचा, थोरले सरदार ओबर द मार्साक यांचा, तिसरा स्मृतिदिन. बिशपांसमोर त्यांचं चरित्र वाचायचं होतं, आणि ते लँबेरनं लिहिलं होतं.

बाकी पान चोख होतं. ओबरनं पूल बांधला, मठाला द्राक्षमळा दिला. अखेरच्या तापात त्यानं मठाचा झगा अंगावर घेतला. तो झगा एकदा चढला की उमराव जगाच्या लेखी मेला. गढी, तलवार, नाव सगळं सुटतं, आणि माघारी फिरणं नाही.

मधली ओळ तेवढी अशी होती: सेरी गावच्या लोकांनी सरदाराच्या सक्तीच्या गिरणीत न जाता घरच्या जात्यावर दळलं, म्हणून ओबरनं त्यांना चर्चमध्ये कोंडून आग लावली. माणसं त्रेचाळीस. खाली नावांसाठी जागा सोडली होती.

गीशार भडकला. सारा मुलूख वडिलांना पुण्यात्मा म्हणतो, बाया त्यांच्या दगडी मूर्तीच्या पायांशी मेणबत्त्या लावतात. आणि साठीत अक्षरं गिरवायला बसलेला, कोंबडीनं उकरल्यासारखं लिहिणारा एक म्हातारा त्यांचा इतिहास ठरवणार?

"त्या बायांना एकदा सेरीला ने," लँबेर म्हणाला. "मेणबत्ती लावायला तिथं एक भिंत शोधून दाखव."

"सरदारांना अरे-तुरे नको, बंधू," मठाधिपती पुटपुटले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"दाराला आतून नखांचे ओरखडे होते," लँबेर म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"मी पाहिले."

"त्या दिवशी तिथं पन्नास शिपाई होते. पन्नासही गप्प आहेत. कंठ तेवढा तुम्हालाच फुटला?"

गीशारनं मेजावरची सुरी उचलली आणि स्वतःच ओळ खरवडली. कातड्याचा भुगा उडाला. चामडं इतकं पातळ झालं की पलीकडचा उजेड दिसू लागला.

प्रार्थनेची घंटा झाली. भिक्षू गेले. त्यांच्यामागून मठाधिपतीही, जरा घाईनंच.

लँबेरनं तळहातानं भुगा झटकला, पीस शाईत बुडवलं आणि त्याच जागी पहिलं नाव लिहायला घेतलं. एरमेसांद, सुईण. मग दुसरं. नावं त्याला पाठ होती.

गीशारनं दार लावून घेतलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"बाबा, तुम्ही तीन वर्षांपूर्वी मेलात. आता मेलेल्यासारखे राहा."