देवराईतला शेंदूर

आभाळात ताणलेल्या पडद्यामुळे देवराई तेवढी सावलीत उरली होती. तिच्यातला इवलासा पतंगाचा किडा जगात दुसरीकडे कुठेच नव्हता, म्हणून सरकारने त्याच्यासाठीच तो पडदा ताणला होता. किडा संपला की पडदा आपोआप गुंडाळला जाणार होता.

"आत्याबाई, जत्रेआधी देव कसा लख्ख केला बघा!" सून ओवी सासूला म्हणाली.

गजराबाईंनी शेंदूर फासलेला दगड पाहिला. "आणि त्याच्यावरचं शेवाळ गं?"

"खरवडून बाहेर टाकलं."

"पतंगाच्या सगळ्या अळ्या त्यातच होत्या, शहाणे! देव उजळलास आणि त्याचं छप्पर घालवलंस."

ओवी धावली. बाहेरच्या उन्हात शेवाळ अळ्यांसकट पापडासारखं कडक झालं होतं.

वर पडदा गुंडाळला जाऊ लागला. देवावर ऊन आलं, तसा गजराबाईंनी त्याच्यावर पदर धरला.

"उभी काय राहिलीस? तुझी ओढणीही धर," त्या म्हणाल्या. "हात दुखेपर्यंत तरी."