भरदुपारचा शंख

लानुओलानं बटण दाबलं आणि शंखाचा आवाज चारही स्पीकरमधून एकदम बाहेर पडला. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ मोठा.

तो विरला तेव्हा मैदानावरची क्रिकेटची आरडाओरड थांबली होती. एक टेम्पो रस्त्याच्या कडेला लागला. गावातली तरुण मुलं लुंग्या सावरत, काठ्या घेऊन रस्त्यावर आपापल्या ठरलेल्या जागी येऊन उभी राहिली. एकाच्या डोक्यावर साबणाचा फेस तसाच होता. समोरच्या घरातल्या बायकांनी विणायच्या चटया बाजूला सारल्या आणि मांडी घातली. घरं नुसत्या खांबांवरची, भिंती कुठल्याच घराला नाहीत, त्यामुळे सगळं गाव बसताना दिसत होतं.

संध्याकाळची प्रार्थनेची वेळ, गावाचा ‘सा’, भरदुपारी लागला होता.

शंख एकदा वाजला की घरी यायचं, दुसऱ्यांदा वाजला की प्रार्थना, तिसऱ्यांदा वाजला की मोकळं. मध्ये काठीवाल्या राखणीच्या मुलांखेरीज कुणी रस्त्यावर दिसायचं नाही. लानुओलाच्या फोनमध्ये होता तो फक्त पहिला, काल सांजेला तुइलोमाकाकांना विचारून टिपून घेतलेला. गावात शंख फुंकायचा मान त्यांचा.

तिरेसाआत्या नारळ खवत होती. तिनं हात पुसले, लुंगी गुडघ्यांवर ओढून घेतली आणि डोळे मिटले.

“आत्या, अगं तो मी वाजवला. तपासून बघत होते.”

आत्यानं एक डोळा उघडला. “मग बस आता.”

“पण ऊन बघ की केवढं आहे. कुणाच्याच कसं लक्षात येत नाही?”

“शंख वाजल्यावर ऊन कोण बघतं?” डोळा मिटला.

लानुओलापुढे तिचा आराखडा पसरलेला होता. बेटावरच्या या गावाहून दूर, ऑकलंडला ती चित्रकला शिकत होती आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनात तिला एक खोली मिळणार होती. आत अंधार ठेवायचा. पायाखाली केवड्याच्या पातीची चटई, हवेत तापलेल्या दगडांवर भाजणाऱ्या नीरफणसाचा धूर, हाताला लावायला फुलं मुरवलेलं खोबरेल. येणाऱ्यानं गावची संध्याकाळ नाकानं, कानानं, तळपायानं घ्यायची. आणि हे सगळं त्या शंखाभोवती उभं होतं. तो काढला तर मागे नुसते वास उरत होते. काकांनी आता पुसून टाक म्हटलं, तर पुसावंच लागणार होतं.

तेच बटण आणखी दोनदा दाबलं असतं तरी गाव मोकळं झालं असतं. तिचं बोट तिथवर गेलंही. पण मघाशी वाजला ती चूक होती. आता वाजवला तर ते खोटं होणार होतं. तिनं वायर काढून ठेवली आणि ती आत्याशेजारी बसली.

तुइलोमाकाका होडी घेऊन मासे धरायला गेले होते. आपला शंख आपल्यावाचून वाजलेला त्यांनी पाण्यावर ऐकला. ओल्या लुंगीनं, मान खाली घालून ते रस्त्यावरून आले. मुलांनी काठ्या बाजूला घेऊन वाट दिली. लानुओला उठायला लागली तशी त्यांनी हातानंच बसून राहा म्हटलं. तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. आत्या डोळे मिटूनच पुटपुटली, की शंख गावात आणि शंखवाला समुद्रात, हे आजच पाहिलं. काकांनी ते ऐकून घेतलं.

चूक झाली, उठा, असं ते गावाला सांगतील असं तिला वाटलं होतं. पण लोक बसलेच आहेत तर प्रार्थना होऊ दे, एवढंच ते म्हणाले. त्यांनी घरून शंख आणला आणि दुसरा नाद दिला. एका घरातून स्तोत्र उठलं, त्यात दुसऱ्या घराचं मिसळलं, मग किनाऱ्यापर्यंतच्या सगळ्यांचं. बाहेर लख्ख ऊन होतं. आत्याचा सूर नेहमीसारखाच थोडा वर लागला.

तिसरा वाजल्यावर टेम्पो सुरू झाला आणि मैदानावर पुन्हा भांडण लागलं, आउट होता की नव्हता.

काका आराखड्याजवळ येऊन बसले. लानुओलानं खोली समजावून सांगितली, अंधार, धूर, तेल. मग काकांनी फोनकडे बोट केलं.

“हा वाजल्यावर तिथली माणसं काय करतील?”

“उभी राहून ऐकतील.”

“मग?”

“मग पुढच्या खोलीत जातील.”

आपलंच उत्तर लानुओलाला सहन होईना. तिनं फोन त्यांच्यापुढे धरला आणि तुम्हीच पुसा, म्हणाली.

त्यांनी तो तिच्या मांडीवर परत ठेवला. “ने. उरलेले दोन संध्याकाळी येऊन टिपून घे, लोकांना अडकवून ठेवायचं नसतं. पण वाजेल तेव्हा कुणीतरी बसलेलं पाहिजे, पोरी. रिकाम्या घरासाठी शंख फुंकत नाहीत.”

आणि मासे उन्हात राहिलेत म्हणून ते घाईनं निघून गेले.

प्रदर्शन महिनाभर चालायचं होतं. शंख दिवसातून कितीतरी वेळा वाजायचा होता. लानुओलानं कागद पुढे ओढला. मग पेन्सिल घेऊन तिनं खोलीच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन काढला.

“ते काय?” आत्यानं विचारलं.

“माझी बसायची जागा.”

“रोज बसणार?”

“रोज.”

आत्यानं खवणीवरून उठून कागद आपल्याकडे फिरवला. चौकोनावर ओलं बोट ठेवलं. बोटाखाली तो झाकूनच गेला.

“एवढीशीच?” ती म्हणाली. “आणि शेजारी दुसरं कुणी बसायला आलं म्हणजे?”