पानाचा आवाज

टोकियोतल्या स्टुडिओत चौथा टेक चालू होता. बत्तीस वर्षं कार्टूनमधल्या एकाच पोराला आवाज देणारे कुरामोचीसान माईकसमोर होते. शेजारच्या माईकवर मी. हल्ली त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे स्क्रिप्टचं पान वाजतं. दिग्दर्शकानं मघाशीच मला बाजूला घेऊन सांगितलेलं, "आणखी एकदा वाजलं तर उद्यापासून तो पोरगा तू." बारा वर्षं गर्दीतले आवाज काढत मी याचीच वाट बघत होतो. तेवढ्यात पान वाजलं. काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला, "कोणाचं होतं?" कुरामोचीसानांनी मान खाली घातली. "माझं, माफ करा," मी वाकून म्हणालो. ते माझ्याकडे वळले. "गाढवा, बारा वर्षांत साधं पान उलटायला शिकला नाहीस?" म्हणत त्यांनी आपली स्क्रिप्ट माझ्या हातात कोंबली. "धर, शिकवतो." पाचव्या टेकला त्यांची पानं मी उलटली. एकही वाजू दिलं नाही.